आजींच्या चित्रांचं पुस्तक: करिझ्मा, डिजिटल प्रेस की ऑफसेट?

चित्रकलेच्या बाई निवृत्त होऊन वीस-पंचवीस वर्षं झालेली असतात. त्या गेल्यावर कपाटाच्या माथ्यावरून पत्र्याची पेटी खाली येते आणि घरातलं कोणीतरी म्हणतं, "वर्षश्राद्धाला आजीचं एक पुस्तक करू." मग पहिला फोन जातो तो घरातल्या शेवटच्या लग्नाचा अल्बम ज्यानं केला त्या फोटोग्राफरला. चेहरे उजळ करणं हे त्याच्या लॅबचं काम, तर आपल्या हातात असतात टू एच पेन्सिलीच्या फिकट रेघा, पोस्टर कलरचे सपाट पट्टे आणि पिवळा पडलेला कार्ट्रिज पेपर. म्हणून बाजारात मिळणाऱ्या सेवांची ही समीक्षा याच मालाच्या हिशेबानं केली आहे. लग्नाच्या अल्बमला लावायची मोजपट्टी इथे चालत नाही.

निकाल आधीच सांगतो. पन्नाससाठ प्रतींपर्यंत डिजिटल प्रेसवर छापून शिवण बांधणी करून घ्यावी. घरात ठेवायची एकच देखणी प्रत हवी असेल, तर करिझ्मा (लग्नाचा जाड पानांचा, फोटोपेपरवर छापलेला) अल्बमला तोड नाही, पण त्यात मजकूर फार घालू नये. ऑफसेटचा, म्हणजे प्लेटा करून होणाऱ्या मोठ्या छपाईचा, विचार तीनशे प्रतींच्या पुढे. मोबाईल ॲपवरून मागवायची फोटोबुकं नातवंडांच्या वाढदिवसाला ठीक आहेत, या कामाला नाहीत. तेराव्याला वाटायला काही हवं असेल, तर पुस्तकाचा हट्ट धरू नका. एक चित्र, एक फोटो आणि आयुष्याच्या दहा ओळी असा घडीचा चारपानी कागद दोन दिवसांत नीट होतो. तेरा दिवसांत रेटलेल्या पुस्तकातल्या शुद्धलेखनाच्या चुका पुढे प्रत्येक नातेवाईक येऊन दाखवतो.

पेटीत काय काय निघतं ते आधी पाहू, कारण सेवा त्यावर ठरते. शाळेत शिकवणाऱ्या बाईंच्या संग्रहात 'पूर्ण केलेली' चित्रं थोडी असतात. जास्त असतात ते वर्गात दाखवायचे नमुने: एकाच कागदावर चार टप्प्यांत काढलेला तांब्या (लंबगोल, मध्यरेषा, छायेची हद्द आणि शेवटी पूर्ण छायांकन), एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या मुलांसाठी संकल्पचित्रांचे तक्ते, इंटरमिजिएटची घनभूमिती, अक्षरलेखनाच्या चौकटी. याशिवाय ठिपक्यांच्या रांगोळीची वही, चैत्रांगणाचं कच्चं रेखाटन, भरतकामासाठी बटर पेपरवर उतरवलेली वेलबुट्टी, नातवंडांना हातानं केलेली वाढदिवसाची कार्डं. आणि नातवंडांच्या चित्रकलेच्या वह्या, ज्यात आजीनं कडेला बारीक पेन्सिलीनं सुधारून दाखवलेला हात किंवा झाड असतं. आमच्या मते पुस्तकातला सगळ्यात मोलाचा माल हा कडेचा आहे. शिकवणं कसं होतं हे त्यात दिसतं. बहुतेक सेवा नेमका हाच भाग कापून टाकतात. तो कसा कापला जातो ते पुढे येईलच.

स्कॅनिंग

पैसे वाचवायचे तर इतर कुठेही वाचवा, इथे नको.

शाळेतला नेहमीचा कागद म्हणजे क्वार्टर इम्पिरियल, १५ × ११ इंच. साधा ए-४ फ्लॅटबेड स्कॅनर ८.५ × ११.७ इंचांचा असतो. म्हणजे कागदाची ११ इंचांची बाजू स्कॅनरच्या लांबीत बसते आणि १५ इंचांची बाजू दोन खेपांत घ्यावी लागते. दोन्ही खेपा मिळून १७ इंच होतात, त्यामुळे मध्ये दोन इंचांचा दुहेरी भाग मिळतो आणि सॉफ्टवेअरला जोडायला तो पुरतो. अट एवढीच की दोन्ही वेळा कागद काचेच्या कडेला काटकोनात टेकलेला हवा, झाकण उघडं ठेवून वर काळा कार्डशीट टाकलेला हवा आणि स्कॅनरचं 'ऑटो एक्स्पोजर' बंद हवं. ते चालू राहिलं तर दोन अर्ध्यांचा कागद दोन रंगांचा येतो आणि जोड कायम दिसतो. दुकानदाराकडे ए-३ स्कॅनर असेल तर ही कटकटच नको. ए-३ ची बाजू ११.७ × १६.५ इंच, त्यात क्वार्टर शीट एका खेपेत बसतं. म्हणून फोन केल्यावर पहिला प्रश्न हाच: "फ्लॅटबेड ए-३ आहे का?" झेरॉक्स मशीनवर स्कॅन करून देणाऱ्याला नम्रपणे नकार द्या. त्या मशीनचा फीडर कागद ओढतो, आणि पन्नास वर्षांचा कार्ट्रिज पेपर कडेला बिस्किटासारखा तुटतो.

स्कॅनरचे दोन प्रकार असतात, सीआयएस आणि सीसीडी. कॅनन लाइड ३०० सारखे पातळ, यूएसबीवरच चालणारे स्कॅनर सीआयएस प्रकारचे. सपाट कागद ते उत्तम वाचतात, पण काचेपासून कागद थोडासा उचलला गेला की तेवढा भाग धूसर येतो. पोस्टर कलरनं लहरलेला कागद, कोलाज, चिकटवलेली टिकली यांत ते हमखास फसतात. एप्सन व्ही ६०० सारखा सीसीडी स्कॅनर जाड आणि मोठा, पण काही मिलिमीटरचा उंचवटा सहन करतो. वह्या आणि कार्डं असतील तर सीसीडीच मागा.

रिझोल्यूशन ४०० डीपीआय (इंचाला ४०० ठिपके), फाइल टिफ, म्हणजे तपशील न गमावता साठवणारी. १५ × ११ इंचांचं चित्र यात ६००० × ४४०० पिक्सेलचं होतं आणि फाइल सुमारे ७९ एमबीची. दीडशे चित्रं म्हणजे जवळपास १२ जीबी, एका साध्या पेनड्राइव्हवर मावतं. "सिक्स हंड्रेडवर करून देतो" असं कोणी म्हणालं तर भाव वाढतो, छपाईत काही वाढत नाही. जेपीईजी घेतलीच तर टिफच्या सोबत घ्या, टिफच्या ऐवजी नको. आणि व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेलं चित्र कधीच छापायला देऊ नका. नेहमीच्या सेटिंगला त्याची लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते, म्हणजे ३०० डीपीआयला जेमतेम सव्वापाच इंच. पाठवायचंच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

तैलखडूची चित्रं काचेवर पालथी घालू नयेत. तैलखडू पूर्ण वाळतच नाही. काचेला रंग लागतो आणि तो पुढच्या कागदावर उतरतो. कोळसा आणि कोरडे पेस्टल यांचंही तेच. अशी चित्रं, आणि २२ × ३० इंचांची पूर्ण इम्पिरियल शीटं, कॅमेऱ्यानं घ्यावी लागतात: चित्र भिंतीला सपाट, कॅमेरा स्टँडवर आणि त्याची लेन्स बरोबर चित्राच्या मध्याला, दोन्ही बाजूंना ४५ अंशांवर एकसारखे दिवे, खोलीतला बाकी उजेड बंद. एका बाजूला खिडकी आणि दुसऱ्या बाजूला ट्यूबलाइट असेल, तर अर्धं चित्र निळं आणि अर्धं हिरवट येतं, आणि ते नंतर कोणी दुरुस्त करू शकत नाही. सहा बी पेन्सिलीचं गडद छायांकन दिव्याखाली चमकतं. तिथे दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर लागतो. फोटोग्राफरनं हा शब्द न विचारता काढला तर समजावं, याला चित्रं टिपायची सवय आहे. पहिल्या फोटोत रंगपट्टीचं कार्ड ठेवायला सांगा. नाहीतर छपाईच्या वेळी मूळ तांबडा कसा होता यावरून घरात वाद होतात.

मोबाईलच्या डॉक्युमेंट स्कॅन ॲपबद्दल एकच वाक्य: ते कागद पांढराशुभ्र करतं आणि त्या पांढऱ्यात फिकट रेघा बुडून जातात.

हेच पाप दुकानदारही करतो, फोटोशॉपमध्ये 'लेव्हल्स' ओढून. पिवळा कागद त्याला मळका वाटतो. त्याला लेखी सांगा, कागदाचा रंग ठेवायचा, सगळ्यात उजळ जागा (० म्हणजे काळा, २५५ म्हणजे पांढराशुभ्र या मोजणीत) २४०-२४५ च्या वर न्यायची नाही. टू एचची रचनारेषा कागदाहून अगदी किंचित गडद असते. कागद २५५ ला नेला की ती गेली. त्या चार टप्प्यांच्या तांब्यातला पहिला टप्पा म्हणजे फक्त ही रचनारेषाच, ती गेल्यावर छापायला उरतं काय?

करिझ्मा अल्बम

लग्नाच्या अल्बमवाल्यांची ही सेवा. खऱ्या फोटोपेपरवर छाप, जाड पानं, पान सपाट उघडतं. पेन्सिलीच्या बाबतीत तिची बाजू फार भक्कम आहे, आणि हे सहसा कोणी सांगत नाही. फोटोपेपरवर टोन सलग असतो, त्याला छपाईसारखे ठिपके नसतात. डिजिटल किंवा ऑफसेट छपाईत चार-पाच टक्क्यांचा फिकट राखाडी रंग विरळ ठिपक्यांनी दाखवावा लागतो, आणि मशीन जरा बिघडलेलं असेल तर ते ठिपके उमटतच नाहीत. फोटोपेपरवर ती रेघ टिकते. पान सपाट उघडत असल्यानं १५ × ११ चं आडवं चित्र दोन पानांवर मूळ मापात लावता येतं, मधल्या खाचेत काही जात नाही.

आता दोष. मजकूर अंमळ मऊ दिसतो. फोटोपेपर साधारण ३०० डीपीआयला उजळवला जातो, त्यामुळे दहा पॉइंटखाली देवनागरीच्या वेलांट्या आणि रफार धूसर होतात. आठवणींचे लेख यात घालू नका, चित्राखालची ओळही बारा पॉइंटची ठेवा. पानं जाड असल्यानं तीस-चाळीस पानांनंतर अल्बम पाटासारखा जड होतो. प्रत्येक जादा प्रतीला जवळपास पहिल्याइतकाच खर्च येतो. आणि लॅबची सवय. तुमची फाइल गेली की तिथला माणूस 'कलर करेक्शन' करतोच, त्वचा गुलाबी दिसावी म्हणून तांबडा थोडा चढवतो. पिवळट कागदावरची पेन्सिल मग लालसर दिसते. ऑर्डरच्या कागदावर मोठ्या अक्षरात 'नो करेक्शन, एसआरजीबी' (फाइलची नेहमीची रंगपद्धत) लिहून घ्या. फिनिश मॅट. मेटॅलिक कागद किंवा चकचकीत यूव्ही कोटिंग सुचवतील, कारण त्यात त्यांना फायदा जास्त, पण पोस्टर कलरचा सगळा गुण त्याच्या बिनचमकीच्या सपाटपणात असतो. चमक आली की तोच तांब्या प्लॅस्टिकचा दिसतो.

एक प्रत, वीस ते तीस निवडक चित्रं, मजकूर अगदी कमी. एवढ्या कामाला पूर्ण शिफारस.

ॲपवरची फोटोबुकं

थोडक्यात आटपतो. फ्रेममध्ये बसवताना ॲप चित्र आपोआप कापतं, आणि बाईंची सही नेहमी खाली उजव्या कोपऱ्यात असते, तीच आधी जाते. कडेची पेन्सिलीची दुरुस्ती तर ॲपला 'रिकामी जागा' वाटते. 'ऑटो एन्हान्स' बऱ्याच ठिकाणी मुळातच चालू असतं, शोधून बंद करावं लागतं. मराठी टाइप केलं की जोडाक्षरं फुटण्याची शक्यता असते. त्यावर तोड म्हणजे संपूर्ण पान बाहेर तयार करून चित्र म्हणून चढवणं. पण एवढं करायचं तर प्रेसवाल्याकडेच का जाऊ नये?

डिजिटल प्रेस

पुण्यात सदाशिव-नारायण पेठेत गल्लीगणिक, आणि जिल्ह्याच्या गावी एकदोन तरी, टोनरवर चालणारी रंगीत प्रिंटची मशीनं असतात. काम उत्तम होऊ शकतं, फक्त माप आधी ठरवा. बहुतेक जण ए-४ पुस्तक मागतात आणि तिथेच अडकतात. मशीनचा नेहमीचा कागद १२ × १८ इंच. ए-४ ची दोन पानं शेजारी आणि कापणीसाठी चारी बाजूंना तीन-तीन मिलिमीटर जादा धरलं तर उंची ३०३ मिलिमीटर होते. कागदाची उंची ३०५. मशीन कडेचे काही मिलिमीटर छापतच नाही. मग दुकानदार गुपचूप चित्रं ९६ टक्क्यांवर आणतो किंवा कडेला पांढरी पट्टी राहते. यावर उपाय दोन: १३ × १९ चा कागद घेणारं मशीन शोधणं, किंवा पुस्तकच ८ × ११ इंचांचं करणं. दुसरा उपाय सरस आहे. कारण १५ × ११ चं चित्र बरोबर निम्म्या मापात, म्हणजे ७.५ × ५.५ इंच, ८ × ११ च्या पानावर बसतं. उभं आरामात, आडवं दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच सोडून. सगळी चित्रं एकाच प्रमाणात निम्मी छापली की पाहणाऱ्याला मूळ कागद केवढा होता याचा अंदाज राहतो. एक चित्र पानभर आणि एक टिकलीएवढं, असा खेळ लग्नाच्या अल्बमात शोभतो.

९६ पानांचं पुस्तक धरा. एका कागदावर चार पानं, म्हणजे प्रतीला २४ कागद आणि ४८ छाप. दर मागताना "एका पुस्तकाचे किती?" असं विचारू नका. छापाचा दर, कागदाचा दर, मुखपृष्ठ, लॅमिनेशन, बांधणी आणि नमुना प्रत असे वेगळे आकडे लिहून घ्या. काळ्या आणि रंगीत छापाचा दर वेगळा असतो. पेन्सिलीची पानं 'काळी' म्हणून स्वस्तात देऊ करतील. घेऊ नका. फक्त काळ्या टोनरवर पिवळा कागद राखाडी होतो आणि छायांकनात डाग पडल्यासारखे टप्पे दिसतात. चार रंगांत छापायला सांगा, पण त्यातही एक धोका आहे: मशीन नीट लावलेलं नसेल तर राखाडीत हिरवट किंवा गुलाबी झाक येते. म्हणून नमुना काढताना तीनच पानं काढा. एक फिकट पेन्सिलीचं, एक पोस्टर कलरचं, एक मजकुराचं. ती दुकानाच्या ट्यूबलाइटखाली पाहू नका, दारात दिवसाच्या उजेडात मूळ चित्राशेजारी धरा.

पोस्टर कलरच्या बाबतीत अपेक्षा जरा आवरा. अल्ट्रामरीन निळा छपाईत जांभळ्याकडे झुकतो, व्हिरिडियन हिरवा मलूल होतो, झगझगीत गुलाबी आणि फ्लोरोसंट रंग तर चार शाईंत मिळतच नाहीत. ही दुकानदाराची चूक नव्हे, शाईची मर्यादा आहे. त्यासाठी त्याच्याशी भांडण्यात अर्थ नाही. मात्र क्रिमसन विटकरी झाला, किंवा पिवळ्यात हिरवट छटा आली, तर ती नक्कीच मशीनची चूक. परत छापून घ्या.

कागद १३० जीएसएम (चौरस मीटरला इतके ग्रॅम) पांढरा मॅट आर्ट, म्हणजे लेप दिलेला बिनचमकीचा कागद. नुसत्या पेन्सिलीची पानं असतील तर अनकोटेड कागद जास्त खरा दिसतो, पण एकाच पुस्तकात दोन कागद शिवायचे झाले तर ते पूर्ण फर्म्याच्या (एकत्र घडी घालून शिवायच्या कागदांच्या संचाच्या) हिशेबानं शिवावे लागतात, हे मांडणीच्या वेळीच ध्यानात घ्या. 'नॅचरल शेड' म्हणजे पिवळसर कागद दिसायला जुनाट, भारदस्त वाटतो. त्यावर पिवळा कागद छापला की दुप्पट पिवळा होतो.

बांधणी

डिजिटलवाल्याची नेहमीची बांधणी म्हणजे गरम गोंदाची परफेक्ट बायंडिंग. मॅट आर्टवर हा गोंद नीट धरत नाही, कारण कोटिंगमुळे कागदाचे तंतू उघडे पडत नाहीत. पुस्तक सपाट उघडायला दाबलं की मधली पानं सुटतात. चित्रांचं पुस्तक सगळे दाबूनच उघडतात. म्हणून शिवण. चार कागदांची घडी म्हणजे १६ पानांचा फर्मा, असे सहा फर्मे दोऱ्यानं शिवायचे, वर पुठ्ठा. १७० जीएसएम कागद असेल तर फर्मा दोन-तीन कागदांचाच करा, नाहीतर आतली पानं बाहेर सरकतात आणि कापणीत समास कमी-जास्त होतो.

इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: कागदाच्या तंतूंची दिशा, जिला बांधणीवाले ग्रेन म्हणतात. ती पुस्तकाच्या कण्याला समांतर हवी. १२ × १८ चा तयार कागद बहुधा लांब बाजूला ग्रेन असलेला येतो, आणि आपली घडी १८ इंचांच्या मध्यावर, म्हणजे ग्रेनला आडवी. परिणाम असा की घडीवर टोनर तडकतो, पान फुगून उभं राहतं, पावसाळ्यात पुस्तक पंख्यासारखं उघडं पडतं. 'शॉर्ट ग्रेन' कागद मागा. मोठ्या शीटातून कापून देतात, एखादा दिवस जादा लागतो. तो मिळालाच नाही तर घडीआधी क्रीझिंग (घडीच्या रेघेवर दाबून खाच पाडणं) करून घ्या आणि घडीच्या अर्ध्या इंचात गडद रंग येऊ देऊ नका.

मुखपृष्ठाला हातकागद फार शोभतो. पुण्यात शिवाजीनगरला हातकागद संस्था आहे, तिथे निरनिराळे जाड कागद मिळतात. पण खडबडीत हातकागदावर टोनर धरत नाही, खरवडला की पडतो. त्यावर नाव स्क्रीन प्रिंटिंगनं छापा, किंवा साध्या कागदावर छापलेली चौकट वर चिकटवा. अस्तराच्या पानाला रांगोळीच्या वहीतलं ठिपक्यांचं पान मूळ मापात छापलं तर वेगळं नक्षीकाम शोधावं लागत नाही.

ऑफसेट

शाळेचे माजी विद्यार्थी मोठ्या संख्येनं मागणी करत असतील तरच. ९६ पानं म्हणजे १६ पानी सहा फर्मे, प्रत्येक फर्म्याला दोन्ही बाजू मिळून आठ प्लेटा, एकूण ४८. हा खर्च दहा प्रती छापा की हजार, तेवढाच. रंग स्थिर, कागदाची निवड मोठी, प्रत स्वस्त. पण शंभर प्रती वाटून झाल्यावर उरलेले गठ्ठे माळ्यावर जातात, आणि कोकणात तर वाळवीला. प्रती आगाऊ नोंदवून घेतल्याशिवाय या वाटेला जाऊ नका. आयएसबीएन (पुस्तकाचा अधिकृत क्रमांक) घ्यायचा सल्ला कोणी दिला तर घरगुती वाटपाच्या पुस्तकाला त्याची गरज नाही.

मजकूर आणि अक्षरजुळणी

आयुष्याचा आलेख लिहिताना सगळ्यात भरवशाचा कागद म्हणजे सेवापुस्तक. रुजू झाल्याची तारीख, बदल्या, वेतनवाढी, सेवानिवृत्ती, सगळं तारखेसह असतं. सोबत ए.टी.डी. (आर्ट टीचर डिप्लोमा) किंवा ए.एम. (आर्ट मास्टर) या चित्रकला शिक्षकाच्या पदविकेचं प्रमाणपत्र पाहा. नातेवाइकांच्या आठवणीतली वर्षं दोन-चार वर्षं इकडेतिकडे असतात. एक सावधगिरी: जन्मतारीख १ जून असेल तर ती शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली असण्याची शक्यता मोठी. घरी वाढदिवस तिथीनं होत असेल तर तिथी छापा.

चित्राखालच्या ओळीत माध्यम, माप, कागद, शक्य तर वर्ष, आणि कशासाठी काढलं ते. 'तांब्या, पेन्सिल, १५ × ११ इंच, सहावीच्या वर्गासाठी नमुना' एवढं पुरे. पेटीतली काही चित्रं विद्यार्थ्यांची असतात, बाईंनी चांगली म्हणून जपलेली. ती बाईंच्या नावावर छापली जाण्याची चूक सर्रास होते. मागच्या बाजूला नाव, इयत्ता, तुकडी पाहा. मागची बाजूही स्कॅन करा. विद्यार्थ्याचं चित्र छापायचं तर त्याचं नाव द्या आणि सापडला तर विचारून घ्या.

पेठेतल्या डीटीपीवाल्यांकडे अजूनही श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटवर काम चालतं. तुमचा युनिकोडमधला मजकूर त्यात उलटवला की 'दुसऱ्या', 'सुऱ्या'तला ऱ्य बिघडतो, 'ॲ' उडतो, अवतरणचिन्हांची अदलाबदल होते. शक्य तर युनिकोडमध्येच काम करणारा शोधा. इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी कंपोझर' चालू नसेल तर जोडाक्षरं सुटी पडतात आणि ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला जाते. टायपासाठी मुक्ता, शोभिका, टिरो देवनागरी मराठी हे तिन्ही फुकट आहेत. टिरोत ल आणि श मराठी वळणाचे येतात, आणि आयुष्यभर अक्षरलेखन शिकवलेल्या बाईंच्या पुस्तकात हिंदी वळणाचा ल पाहून त्यांचे माजी विद्यार्थीच नाक मुरडतील. शीर्षकं टाइप करण्यापेक्षा बाईंच्या अक्षरलेखनाच्या तक्त्यातून उचलता आली तर उत्तमच. 'अ' ते 'ज्ञ' बहुतेक सापडतात, काना-मात्रा जोडाव्या लागतात.

मूळ चित्रांचं काय करायचं

पुस्तक झालं की काही दुकानदार "आता ओरिजिनल लॅमिनेट करून देऊ?" असं विचारतात. नाही. लॅमिनेशन उष्णतेनं चिकटतं आणि परत निघत नाही, तैलखडू तर आत वितळून पसरतो. फाटलेल्या कागदाला सेलोटेप नको, त्याचा गोंद काही वर्षांत तपकिरी डाग ठेवून जातो. मागून पातळ जपानी टिश्यू आणि गव्हाची खळ, हा कागद दुरुस्त करणाऱ्यांचा जुना उपाय, आणि पाण्यानं तो परत सोडवता येतो. पोस्टर कलरही पाण्यानं सुटतो, म्हणून रंगाच्या बाजूला ओल जाऊ देऊ नका.

फ्रेम करायची तर काच चित्राला टेकायला नको. मधे माउंट (चित्राभोवतीची पुठ्ठ्याची चौकट) हवाच, तोही आम्लरहित. साध्या पिवळ्या पुठ्ठ्यामुळे कागदाला खिडकीच्या आकाराची तपकिरी कड उमटते. मागे प्लायवूड नको. सूर्यप्रकाश येणारी भिंत टाळा. जागा ठरवता येत नसेल तर भिंतीवर स्कॅनची प्रत लावा आणि मूळ चित्र सपाट ठेवा. प्रत्येक दोन चित्रांमध्ये बटर पेपर, पेटी जमिनीपासून वर, आत सिलिका जेलच्या पुड्या, पावसाळा संपला की उघडून वारा द्यायचा. डांबरगोळ्या कागदाला टेकू देऊ नका.

गठ्ठा घरी आला की आधी नमुना प्रतीशेजारी कोणतीही तीन पुस्तकं उघडा. मधल्या फर्म्याच्या मधल्या पानावर दोरा दिसतो का, फिकट रेघा सगळ्या प्रतींत आल्या आहेत का, खालच्या कोपऱ्यातली सही पूर्ण आहे का, एवढं पाहा. नातवंडांच्या वहीचं पानही उघडा, कडेचं सुधारलेलं झाड कापणीत गेलेलं नाही ना? हे झाल्यावरच उरलेले पैसे द्या. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात द्यायची असेल तर तिच्या मागच्या कव्हराच्या आत टिफ फाइलींचा पेनड्राइव्ह लिफाफ्यात घालून द्या. चित्रकलेच्या नव्या शिक्षकांना ते चार टप्प्यांचे तक्ते वर्गात दाखवायला लागतील.